लक्ष्मणराव किर्लोस्कर : विलायती मालाच्या बाजारातला देशी नांगर

बेळगावला बाजारहाटासाठी जाणाऱ्या गोमंतकीयांना किर्लोस्कर रोड नवा नाही. कापडाची, भांड्यांची, सोन्याची खरेदी करताना या रस्त्यावरून आपण कितीदा तरी गेलेलो असतो. रस्त्याला हे नाव का पडले, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी येथे दोन भावांचे सायकलींचे दुकान होते. मराठी मुलखाला पहिला यशस्वी लोखंडी नांगर देणाऱ्या उद्योगाचा आरंभ त्या दुकानात झाला, आणि तोही परदेशी माल विकण्यापासून झाला.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ‘सौभद्र’कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. त्यामुळे नाट्यवेड्या गोव्याला हे गाव अगदीच परके नाही. लक्ष्मणरावांच्या जन्मानंतर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर 1869 मध्ये, सुएझचा कालवा जहाजांना खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालून येणारी वाट एकदम आखूड झाली. इंग्लंडच्या कारखान्यांतला माल मुंबई बंदरात लवकर आणि स्वस्त येऊ लागला. या माणसाच्या पुढील साऱ्या आयुष्यावर त्या कालव्याची सावली आहे.

शाळेत लक्ष्मण रमला नाही. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते, चित्रे आणि यंत्रे. 1885 मध्ये तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. दोनेक वर्षांत असे ध्यानात आले की त्याला काही रंग ओळखता येत नाहीत. रंगांधळ्या माणसाने चित्रकार कसे व्हावे? रंग सुटले, रेषा राहिल्या. त्याने यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला आणि नव्यानेच स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक म्हणून तो रुजू झाला. पगार बेताचाच होता; पण हाताशी यंत्रशाळा होती, आणि यंत्र खोलून पुन्हा जोडण्यात रात्री घालवणाऱ्या तरुणाला याहून अधिक काही नको होते.

मुंबईच्या रस्त्यावर सायकल पाहून त्याला धंद्याची कल्पना सुचली. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेत आणि बेळगावला धाडत. वडील बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. हे दुकान 1888 मध्ये निघाले.

गोव्याच्या दृष्टीनेही हे वर्ष महत्त्वाचे आहे. मुरगावहून निघालेला लोहमार्ग घाट चढून कॅसलरॉकला ब्रिटिश हद्दीतील रुळांना मिळाला तो याच वर्षी. शिवाय त्या काळी गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामध्ये जकातीची सीमा नव्हती. 1878 च्या अखेरीस लिस्बनमध्ये झालेल्या कराराने दोन्ही मुलखांचे जकातक्षेत्र एक केले होते. त्याच्या बदल्यात गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. त्या चार लाखांत आगरावरच्या मिठकाराच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न गोव्याच्या इतिहासात वारंवार विचारला गेला आहे. 1892 मध्ये करार संपला आणि घाटमाथ्यावर जकातीचे नाके पुन्हा उभे राहिले.

ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी खुल्या व्यापाराचा अंमल होता. मीठ, मद्य, शस्त्रे अशा मोजक्या वस्तू सोडल्या तर 1882 पासून आयात मालावर जकातच उरली नव्हती. इंग्लंडहून निघालेली सायकल काहीही न भरता मुंबईच्या गोदीत उतरे आणि तेथून बेळगावला येई. किर्लोस्कर बंधूंच्या पहिल्या धंद्याला ही उघडी वेस उपकारकच ठरली. हे सांगणे आवश्यक आहे, कारण देशी उद्योगाची कथा सांगताना आपण परदेशी मालाला सरसकट खलनायक करून टाकतो. लक्ष्मणरावांनी तसे कधी केले नाही. परदेशी यंत्र हे त्यांच्या लेखी आधी पाठ्यपुस्तक होते, प्रतिस्पर्धी नंतर.

मुंबईतल्या नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि पुन्हा कोणाची चाकरी करायची नाही असा निश्चय करून ते बेळगावला परतले.

बेळगावात सायकल-दुकानाच्या आधाराने एक लहानसा कारखाना उभा राहिला. पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. गुरांपुढे अख्खा कडबा टाकला की निम्मा पायाखाली जातो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे हे यंत्र त्याच्या गळी उतरले. नांगराचे तसे नव्हते.

बेळगावच्या उत्तरेला संकेश्वर-निपाणीकडे जाऊ लागले की तांबडी माती हळूहळू मागे पडते आणि काळी जमीन लागते. तंबाखूचा आणि उसाचा तो मुलूख. पुढे कृष्णाकाठी तर ती अधिकच खोल आणि चिवट होत जाते. हरळी आणि कुंदा एकदा या जमिनीत शिरले की वरवरच्या मशागतीला दाद देत नाहीत. मुळापर्यंत माती उलथावी लागते. जड लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. ज्याच्या दावणीला दोनच बैल, तो शेजाऱ्याच्या बैलांची वाट पाहत बसे, आणि तोवर वापसा निघून जाई. इंग्लंड-अमेरिकेत बनलेले लोखंडी नांगर ही अडचण सोडवत. पण ते महाग होते, आणि मोडले तर सुटा भाग सातासमुद्रापलीकडून यायचा. लक्ष्मणरावांनी हेच हेरले. विलायती नांगर समोर ठेवून त्यांनी त्याचे भाग तपासले, इथल्या बैलांची ताकद आणि इथल्या जमिनीचा चिवटपणा ध्यानात घेतला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःचा नांगर ओतला.

शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत खेडोपाडी पसरलेली होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. जे खपले त्यांच्याही तक्रारी आल्या. फाळाचे टोक ठिसूळ निघे, दगडाला लागले की तुटे. धंदा गुंडाळायला एवढे पुरेसे होते. त्यांनी मात्र बीड ओतण्याची कृती बदलून पाहिली, पुन्हा पाहिली, टोक कठीण केले आणि नांगर पुन्हा शेतात नेला.

सरकारी धोरणाचे चटके त्यांना या टप्प्यावर बसू लागले असणार. 1894 मध्ये तिजोरीच्या गरजेपोटी सरकारने आयात मालावर सर्वसाधारण पाच टक्के जकात पुन्हा बसवली. तिचा हेतू महसुलाचा होता, देशी धंद्याला आडोसा देण्याचा नव्हता. म्हणून तर मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी ओरड करताच हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर अबकारी कर लादून हिशेब बरोबरीत आणला गेला. लोखंड आणि पोलाद यांवर एक टक्का जकात होती. शेतीची अवजारे मात्र माफीच्या यादीत होती. याचा अर्थ साधा आहे. तयार विलायती नांगर बंदरात काही न भरता उतरे. बेळगावात नांगर घडवू पाहणारा माणूस परदेशातून लोखंड मागवी तर त्यावर जकात भरी. एक टक्का ही रक्कम फार नव्हे. पण पुढे कोणाला ढकलायचे आणि मागे कोणाला ठेवायचे, याची दिशा त्या एका टक्क्यातही दिसते. न्यायमूर्ती रानडे, दादाभाई, नामदार गोखले हे विद्वान या धोरणाविरुद्ध ज्या काळात तर्क मांडत होते, त्याच काळात हा माणूस भट्टीसमोर उभा होता. दोन्ही लढाया एकच होत्या, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

दुसरा अडसर रुळांवर होता. रेल्वेचे भाडे ठरवताना बंदराकडून आत येणाऱ्या आणि आतून बंदराकडे जाणाऱ्या मालाला सवलत असे. देशातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या मालाला ती मिळत नसे. देशी कारखानदारांची ही जुनी तक्रार होती आणि 1916 ते 1918 च्या औद्योगिक आयोगापुढेही ती मांडली गेली. देशाच्या सीमेवर भिंत नव्हती. ती देशाच्या आत होती.

तिसरा आघात मात्र अगदी घरचा होता. नव्या वस्तीच्या आखणीसाठी बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितले. नांगराला नुकतेच गिऱ्हाईक मिळू लागले होते, कारागीर तयार झाले होते, आणि भट्टी कुठे न्यायची हा प्रश्न पडला. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला बांधकामाच्या कामावर होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि गुणग्राहक होते. ही हकीकत कळताच त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. बेळगावकडून मिरजेमार्गे पुण्याला जाणारा लोहमार्ग याच स्थानकावरून जात होता, एवढीच काय ती त्या जागेची जमेची बाजू. बाकी सगळे निवडुंगाचे रान आणि सापांचे वारूळ. 10 मार्च 1910 रोजी तेथे मुक्काम पडला. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे सोबत होती.

किर्लोस्करवाडीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून येथे विस्तार करत नाही. रामूअण्णांनी वसाहतीचा संसार पाहिला, शंभोराव जांभेकरांनी यंत्रे पाहिली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब पाहिले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्याचे धाडस लक्ष्मणरावांनी केले आणि वसाहतीत शिवाशिव चालू दिली नाही. त्यांच्या पत्नी राधाबाई यांनी त्या निवडुंगाच्या रानात पहिली वर्षे कशी काढली असतील, याची नोंद चरित्रांत फार थोडी येते. ती अधिक यायला हवी होती.

1914 मध्ये महायुद्ध पेटले आणि कोणत्याही सरकारने न बांधलेली भिंत समुद्रावर उभी राहिली. जहाजे युद्धाच्या कामाला लागली, विलायती नांगर येईनासे झाले. देशी नांगराला अचानक मोकळा बाजार मिळाला. पण नांगर ओतायला लोखंड हवे, भट्टीला कोळसा हवा, आणि या वस्तूही दुर्मीळ झाल्या. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातून 1911 पासून देशी लोखंड निघू लागले होते खरे. पण युद्धकाळात तेथील मालावर लष्कराचा पहिला हक्क होता. मागणी दारात उभी आणि कोठार रिकामे, अशी अवस्था आली.

त्या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. संस्थानच्या किल्ल्यांवर जुन्या, निकामी तोफा गंजत पडल्या होत्या. महाराजांनी त्या किर्लोस्करवाडीला दिल्या. भट्टीत त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. पुढे हे नांगर कोणत्या शिवारात गेले याचा माग आज लागणार नाही. पण निपाणी-चिकोडीपासून कराड-साताऱ्यापर्यंतच्या काळ्या मातीत त्यांपैकी काही नक्कीच चालले असतील.

या प्रसंगाकडे केवळ रोमांचक आख्यायिका म्हणून पाहू नये. परदेशी माल थांबला की देशी धंदा आपोआप बहरतो, हा समज त्यातून खोटा ठरतो. भिंत उभी राहते तेव्हा ती प्रतिस्पर्ध्यालाही अडवते आणि कच्च्या मालालाही. दहा-बारा वर्षे चुका करत जे कौशल्य बेळगावात आणि वाडीत कमावले गेले होते, ते हाती नसते तर युद्धाने दिलेली संधी वाया गेली असती. शाहू महाराजांच्या तोफा इतर कोणाच्या भट्टीत पडून नुसती लोखंडाची लादी झाली असती.

युद्ध संपले. 15 जानेवारी 1920 रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याच्या मालाची वार्ता देणारे ते पत्रक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या हाती वाढत वाढत महाराष्ट्राचे एक प्रमुख मासिक झाले. वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माणसाला या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते, ते येथे नोंदवून पुढे जातो.

या दशकात हिंदुस्थानच्या जकातधोरणाने वळण घेतले. इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1922 मध्ये निवडक उद्योगांना संरक्षण देण्याची शिफारस केली. उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून त्याची वाढ होत नसावी, आणि पुढे मागे तो स्वतःच्या पायावर उभा राहू शकेल असा असावा, अशा तीन कसोट्या ठरल्या. 1923 मध्ये जकातमंडळ नेमले गेले आणि 1924 च्या कायद्याने पोलादाला संरक्षण मिळाले. टाटांचा कारखाना त्यामुळे तगला. देशाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण पोलाद विकत घेऊन त्याचे दांडे, सळया, बोल्ट करणाऱ्या लहान कारखानदाराला कच्चा माल महाग झाला. एकाच्या अंगावरची शाल दुसऱ्याच्या अंगावरचे ओझे होते, आणि जकातीच्या प्रत्येक चर्चेत हा दुसरा माणूस बहुधा गैरहजर असतो.

त्यातच रुपयाचा भाव आला. 1927 मध्ये सरकारने रुपयाची किंमत 16 पेन्सांऐवजी 18 पेन्स कायम केली. वरवर पाहता हा बँकांचा आणि पेढ्यांचा विषय; पण हिशेब मांडून पाहावा. 16 पेन्सांच्या दराने एका पौंडाला पंधरा रुपये पडत, 18 पेन्सांच्या दराने तेरा रुपये पाच आणे चार पै. म्हणजे इंग्लंडात एक पौंड किंमत असलेला पंप किंवा नांगर येथे पावणेदोन रुपयांच्या आसपास स्वस्त झाला, तोही जकातीला हात न लावता. याच सुमारास किर्लोस्करवाडीत पंप बनू लागले होते. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव 1926 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन परतले, ते नेमके या चढाओढीत. मंडईत पुरषोत्तमदास ठाकुरदासांसारखे व्यापारी या दराविरुद्ध लढले आणि हरले. वाडीतल्या लोकांनी आपल्या मालाचा खर्च कमी करण्याचा मार्ग धरला. दुसरा मार्ग त्यांच्या हाती नव्हता.

मग मंदी आली. 1930 नंतर शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हातात पैसा उरला नाही. नांगर पडून राहिले. कारखान्याने उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, लोखंडी फर्निचर असे जे खपेल ते केले. कामगार घरी पाठवण्यापेक्षा नवा माल शोधणे लक्ष्मणरावांना अधिक पसंत होते. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जहाजे थांबली आणि या खेपेला लेथसारख्या यंत्रांची टंचाई झाली, ज्यांच्यावर इतर यंत्रे घडतात. 1941 मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करची स्थापना झाली. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला तेलइंजिनांचा आणि बंगळुरूला विजेच्या मोटारींचा उद्योग उभा राहिला. तोवर सूत्रे पुढच्या पिढीकडे गेली होती. लक्ष्मणरावांनी सत्तरी केव्हाच ओलांडली होती.

1948 च्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. विलायती मालाच्या पन्नास वर्षांच्या स्पर्धेला जे करता आले नव्हते, ते काही तासांत आपल्याच माणसांनी केले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने ती राख पाहिली. कारखाना पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

स्वातंत्र्यानंतर धोरणाचा काटा पार दुसऱ्या टोकाला गेला. आयातीला परवाना लागू लागला, परकीय चलन मोजून मिळू लागले. ज्याने सायकल विनाजकात आणून बेळगावात विकली होती, त्याच्याच नावाच्या कारखान्यांना आता बाहेरचा एखादा सुटा भाग मागवायचा तर दिल्लीचे उंबरठे झिजवावे लागणार होते. या दुसऱ्या टोकाबद्दल शंतनुराव पुढे आयुष्यभर तक्रार करत राहिले, आणि ती बरीचशी रास्त होती.

इकडे गोव्याच्या सीमेवर 1955 पासून नाकेबंदी होती. कॅसलरॉकमार्गे चालणारी रेल्वे बंद पडली होती. बेळगावचा भाजीपाला घाट उतरत नव्हता. गोव्यातील बाजारात हॉलंडचे बटाटे आणि परदेशी डबाबंद माल दिसत होता. लक्ष्मणरावांच्या उमेदवारीच्या वर्षांत जी सीमा मालाला मोकळी होती, ती त्यांच्या अखेरच्या वर्षांत पूर्ण मिटलेली होती.

26 सप्टेंबर 1956 रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्याच्या बरोबर दोन महिने आधी इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले होते. पाच आठवड्यांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्यपुनर्रचना अमलात आली. गुर्लहोसूर, बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. कुंडल आणि किर्लोस्करवाडी मुंबई राज्यात राहिली. नांगर ज्या लोहमार्गाने जात, तो मिरजेच्या पुढे आता दुसऱ्या राज्यात शिरू लागला.